वंशावळीत बायका कुठे गेल्या?

(छत्रपती संभाजीनगर इथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला होता 'जमिनीचे कागद कसे वाचावेत'. त्यावर एक कोरडं भाषण मला देता आलं असतं. सातबारा म्हणजे काय, आठ-अ म्हणजे काय, फेरफार म्हणजे काय. वीस-पंचवीस वर्षं तेच शिकवत आले. पण दोन-तीन वर्षांपूर्वी माझ्याच घरातले कागद मी पहिल्यांदा नीट वाचले. तेव्हा ज्या गोष्टी कळल्या, त्या आज सांगणार आहे. कागद वाचायला त्यातूनच शिकू.

सुरुवात २०२३ पासून करते. त्या वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यातल्या निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मग आपल्या आठही जिल्ह्यांत जुन्या कपाटांची कुलपं निघाली. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंदवही, सगळं बाहेर आलं. उर्दू वाचणारी, मोडी वाचणारी म्हातारी माणसं लोकांनी शोधून काढली. आरक्षणाच्या मागणीवर आपल्यातही वेगवेगळी मतं आहेत, तो आजचा विषय नाही. मला सांगायचंय ते वेगळं.

माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. नोंद सापडली होती. त्याने शपथपत्राला जोडायची वंशावळ तयार केली होती, ती मला दाखवली. सहा पिढ्या, एकोणीस माणसं. बाई एकही नाही. मी म्हटलं, "अरे, यात आपली आई कुठंय?" तो म्हणाला, "ताई, वंशावळीत बायका नसतात." त्यात तिरकसपणा काही नव्हता. खरंच नसतात. नोंद वडिलांकडून चालत येते, जात वडिलांकडून धरतात. २६ जानेवारी २०२४ ला 'सगेसोयरे' या शब्दाच्या व्याख्येचा मसुदा निघाला, तेव्हा सोयरिकीची नाती मोजायची ठरली तीसुद्धा अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा यांच्याच बाजूने.

मी ठरवलं, आपण बायका शोधायच्या. सरकारला दाखवायला नाही, आपल्यासाठी.

आता मराठवाड्याचे कागद कसे असतात ते थोडं बघू. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ ला तो मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यामुळे पुणे-साताऱ्याकडच्या बाईला जे कागद मिळतात तेच आपल्याला मिळतील असं नाही. आपल्याकडे मागे जायची मोठी पायरी म्हणजे १९५४-५५ चं खासरा पत्रक. त्याच्या मागे बरेच कागद उर्दूत. त्यावर साल असतं ते फसली. फसली सालात ५९० मिळवले की आपलं इसवी साल साधारण कळतं. म्हणजे १३३० फसली हे १९२० च्या सुमाराचं.

आणि आता बायकांसाठीचे शब्द ऐका. पुरुषाच्या नावापुढे 'वल्द' किंवा 'पि.', म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नावापुढे 'जौजे' किंवा 'भ्र.', म्हणजे अमक्याची बायको. भ्र. म्हणजे भ्रतार. आणि नवरा वारला असेल तर 'बेवा'. पुरुष जन्मभर बापाचा मुलगाच राहतो. बाई आधी कुणाचीच नसते, कागदावर येतच नाही. लग्न झालं की जौजे आणि पुढे बेवा. सगळ्यात जास्त बायका कागदावर येतात त्या बेवा झाल्यावर. शोधायला बसलात तर हे लक्षात ठेवा. पुरुषाच्या मृत्यूच्या सालाभोवती बघा, बाई तिथे सापडेल.

माझी आजी मला तशीच सापडली. आजोबा तरुणपणी गेले, तेव्हा वडील लहान होते. खासरा पत्रकात जमीन वडिलांच्या नावावर आणि खाली 'अज्ञान, पालनकर्ती आई' म्हणून आजीचं नाव. पुढे सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' असा शेरा दिसतो, तो हाच. त्या पोरक्या वर्षांत नांगर कुणी धरला, सारा कुणी भरला, सावकाराला कुणी तोंड दिलं? आजीने. कागदाने तिला काय केलं, तर मुलाची राखणदार. वडील अठराचे झाले आणि एक फेरफार पडला. अज्ञान सज्ञान झाला, पालकाचं नाव कमी. एका ओळीचं काम. त्यानंतर ती चाळीस वर्षं जगली, त्याच शेतात खुरपत होती. कागदावर पुन्हा कधी आली नाही.

यात तलाठ्याने काही चूक केली नव्हती. त्या वेळचा कायदाच तसा होता. विधवेला मिळालाच तर पोटापुरता, हयातीपुरता हक्क. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने बाईला तिच्या ताब्यातल्या मालमत्तेची पूर्ण मालकीण केलं. पण आजीच्या हातात हक्क म्हणून काही नव्हतंच, ती होती पालनकर्ती.

आजीच्या सासूला शोधायला गेले तेव्हा मात्र हात टेकले. एका निवृत्त गुरुजींनी उर्दू कागद वाचून दाखवला. त्यात 'बेवा' एवढा शब्द आणि पुढे पणजोबांचं नाव. तिचं स्वतःचं नावच नाही. गुरुजी चष्मा काढून म्हणाले, "बाई, इतकंच लिहिलंय." घरात कुणाला तिचं नाव आठवेना. लग्नात नाव बदलायची रीत, त्यामुळे माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं, आणि दोन्ही गेली. शेवटी एका चुलत आत्याने सांगितलं की आजी जात्यावर दळताना सासूच्या माहेरच्या गावाचं नाव ओवीत घ्यायची. गाव कळलं ते ओवीतून. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, त्याची किंमत मला त्या दिवशी कळली. जे दप्तरात नाही ते बायकांनी जात्यापाशी ठेवलं होतं.

हे आपल्याकडेच झालंय असं समजू नका. अमेरिकेत इंग्रजांच्या वसाहती होत्या तेव्हाचे कुळवृत्तांत आजही लोक मृत्युपत्रं आणि जमिनीच्या खरेदीखतांवरून जुळवतात. तिथेही हीच अडचण. मृत्युपत्रात 'माझी बायको मेरी' एवढंच. ती कुणाची मुलगी, माहेर कोणतं, पत्ता नाही. लग्न झालं की इंग्रजी कायद्याने तिचं वेगळं अस्तित्व नवऱ्यात विरून जायचं. विधवेला जमिनीचा तिसरा हिस्सा, तोही हयातीपुरता. आणि त्याच मृत्युपत्रांत गुलाम बायका गाईगुरांच्या यादीत नुसत्या नावाने लिहिलेल्या. त्यांचे वंशज आज ती यादी वाचून आपली पणजी शोधतात.

पण त्यांच्याकडची एक पद्धत मला विचार करायला लावते. नवऱ्याने जमीन विकली तर त्या जमिनीवरचा विधवा-हिस्सा बायकोने सोडून द्यावा लागे. अशा वेळी काही वसाहतींत न्यायाधीशाने तिला नवऱ्यापासून बाजूला घ्यायचं आणि विचारायचं, तू हे राजीखुशीने करतेस का? कुणाचा दबाव नाही ना? ती हो म्हणाली की तसं कागदावर लिहायचं. बाजूला घेतलं तरी घरी त्याच नवऱ्याबरोबर जायचं होतं, तेव्हा ती किती मोकळं बोलली असेल सांगता येत नाही. तरी विचारत तरी होते.

मला कुणी विचारलं नाही.

हे सांगायचं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. वडील १९९६ ला गेले. १९९८ मध्ये मी आणि माझ्या बहिणीने हक्कसोड पत्रावर सह्या केल्या. त्या काळात मी वस्त्यांमध्ये बायकांना वारसा हक्क शिकवत होते. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क दिला, हे मी फळ्यावर लिहून सांगायचे. माझं लग्न त्याआधीचं, त्यामुळे तो हक्क मला लागू नव्हता. तरी वडिलांच्या वाट्यात वारस म्हणून माझा हिस्सा होताच, आणि मला तो माहीत होता. सही करताना हात थांबला नाही. आई समोर बसली होती. ती इतकंच म्हणाली, "माहेरचा दरवाजा उघडा राहू दे." बाहेर आलो, भावाने आम्हा दोघींना साड्या घेतल्या. अडीच एकरांच्या बदल्यात एक साडी. ती मी अजून नेसलेली नाही.

भाऊ वाईट नाही, हे मुद्दाम सांगते. तो लबाड असता तर आपलं काम सोपं झालं असतं. प्रेमाने सही घेतली जाते आणि प्रेमाने दिली जाते, म्हणून हे अवघड आहे.

पुढे ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राचा कायदा बदलला, लग्नाच्या तारखेची अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. पण २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली नोंदणीकृत वाटणी, विक्री, हक्कसोड कायम राहिली. माझं दार मी १९९८ लाच लावून घेतलं होतं.

जमीनवाल्यांच्या गप्पा झाल्या. आता या खोलीतल्या ज्या बहिणींच्या घरात सातबाराच नव्हता, त्यांचं काय? त्यांची आजी कोणत्या कागदावर शोधायची? मराठवाड्यात दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात बायका लेकरांसह तुरुंगात गेल्या. गायरान कसणाऱ्या घरांची नोंद सापडली तर ती अतिक्रमणाच्या वहीत सापडते, गाव नमुना एक-ई मध्ये. म्हणजे जिने दगड वेचून माळ पिकवला, तिचं कुटुंब कागदावर आलं ते गुन्हेगारासारखं. ती नोंदसुद्धा बहुतेक वेळा घरच्या पुरुषाच्या नावाने. तरीही तो कागद जपून ठेवा. पुढे पट्टा मागताना तोच पुरावा ठरतो, आणि पट्टा मागाल तेव्हा नवरा-बायको दोघांच्या नावाने मागा.

आता कामाचं बोलते. लिहून घ्या.

पहिलं. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क गेला, असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. ती नोंद मुळात सारा वसुलीसाठी. फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलंय. पण गाफील राहू नका. आपल्याला हिश्श्यातून डावललंय हे कळल्यापासून दावा लावायला बारा वर्षांची मुदत असते.

दुसरं. घरातलं माणूस गेलं की तीन महिन्यांत वारसाची खबर द्यायची असते. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत ती खबर भाऊ किंवा दीर देतो आणि मुलींची नावं गळतात. आपल्या गटातल्या एकीने तेव्हा तिच्यासोबत जायचं. नोटीस लागल्यावर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात, ते वाया घालवू नका.

तिसरं. कोऱ्या कागदावर, न वाचलेल्या कागदावर सही किंवा अंगठा नाही. हक्क सोडायचाच असेल तर घरी नेऊन वाचा, एक रात्र जाऊ द्या. त्या अमेरिकन न्यायाधीशाचं काम आपण करू. तिला बाजूला घेऊन विचारू, बाई, तुझी खरंच इच्छा आहे का?

चौथं. आपलं मृत्युपत्र करा. हसू नका. हिंदू वारसा कायद्याने मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिच्या कमाईवर आधी नवऱ्याकडच्या वारसांचा हक्क येतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात असा निकाल झाला. सासरने हाकललेली, माहेरी राहून शिकून नोकरी केलेली बाई, तिचे पैसे नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना गेले. साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, दोन साक्षीदार हवेत, ते वाटेकरी नसावेत. मुसलमान बहिणींना वसीयत एकतृतीयांशापुरतीच करता येते, पण मुलीचा हिस्सा शरियतने ठरलेलाच आहे. तो मागितला जात नाही, हे दुखणं सगळ्या धर्मांत सारखं.

पाचवं आणि शेवटचं. प्रत्येकीने आईकडून मागे जाणारी वंशावळ लिहायची. आई, आईची आई, तिची आई. सासरचं नाव, माहेरचं नाव, गाव, कोणती जमीन कसली, कोणत्या कागदावर सापडली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या सरकारी कागदांवर आता आईचं नाव आधी येतं, मग वडिलांचं. पुढच्या पिढीचं थोडं सोपं होईल. मागच्या बायका मात्र आपल्यालाच शोधायच्या आहेत, आणि सांगू शकणाऱ्या म्हाताऱ्या रोज एकेक करून जातायत. या सुट्टीत जाऊन विचारा.

मी माझी केली. चार पिढ्यांपर्यंत पोचले, पुढे नुसतं गाव आहे. भावाला नेऊन दिली. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "ताई, आजीचं नाव मला माहीतच नव्हतं गं." त्याच्या मुलीने ती वही घेतली आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं. जमिनीचं काय, ते ती त्याला एक दिवस विचारेलच. मी तिला तारखा आणि कलमं सगळी सांगून ठेवली आहेत.