स्वदेशी इंधन आणि वेगवान मोटार

(पुण्यातील एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



आजच्या विषयाला निमित्त झाला माझा भाचा. त्याने २०१४ सालची जर्मन बनावटीची, टर्बो इंजिनाची एक वेगवान मोटार हौसेने जुन्या बाजारातून घेतली. टाकीच्या झाकणाच्या आतील बाजूस सूचना आहे : इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत. पंपावर मिळते ते वीस टक्के मिश्रणाचे पेट्रोल. त्याने मला विचारले, "मामा, तुम्ही इतकी वर्षे स्वदेशीवर लिहीत आलात. आता सांगा, हे माझ्या गाडीला चालेल का?" मी कला शाखेचा पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध अकरावीतच संपला. तेव्हा मी उत्तर देण्याचे टाळले, वाचन केले, दोन-तीन जाणत्या मेकॅनिकांशी बोललो आणि मगच आज आपल्यासमोर उभा आहे.

इथेनॉल मिश्रणाचा विचार आपल्याकडे काल-परवाचा नाही. अटलजींचे सरकार असताना, राम नाईक पेट्रोलियममंत्री होते त्या काळात, २००३ च्या जानेवारीत महाराष्ट्रासह नऊ राज्ये आणि चार केंद्रशासित प्रदेशांत पाच टक्के मिश्रणाची योजना आली. पुढे ती रखडली. २०१४ साली प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होते. जून २०२२ मध्ये ते दहा टक्क्यांवर पोहोचले आणि २०३० साठी ठरवलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले गेले. सरकारच्या आकडेवारीनुसार अकरा वर्षांत १ लाख ४४ हजार कोटी रुपयांहून अधिक परकीय चलन वाचले. अरबांच्या विहिरींकडे डोळे लावून बसलेल्या देशासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

आता वेगाकडे वळू. इथेनॉल म्हणजे मिळमिळीत इंधन, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. अमेरिकेतील इंडीकार शर्यतींच्या मोटारी २००७ च्या हंगामात इथेनॉलवरच धावल्या. त्याच वर्षी स्वीडनच्या कोनिगसेग या निर्मात्याने आपल्या मोटारीची इथेनॉलवर चालणारी आवृत्ती आणली. पेट्रोलवर सुमारे आठशे अश्वशक्ती देणारे ते इंजिन या इंधनावर हजारांच्या पुढे गेले.

याची कारणे दोन. पहिले, इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा बराच वरचा असतो. त्यामुळे प्रचंड दाबाखालीही मिश्रण अवेळी पेट घेत नाही आणि इंजिन ठोके देत नाही. दुसरे, बाष्प होताना ते पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट उष्णता शोषून घेते, त्यामुळे आत जाणारी हवा थंड व दाट राहते. टर्बो इंजिनाला याहून हवे ते काय? आधुनिक मोटारीतील संगणक धुरातील प्राणवायू मोजून इंधनाचे प्रमाण सतत सुधारत असतो. दहाच्या जागी वीस टक्के इथेनॉल आले, तर त्याला सुमारे चार टक्के जास्त इंधन सोडावे लागते. एवढी दुरुस्ती त्याच्या आवाक्यातली असते. तेव्हा केवळ वेगाने चालवली म्हणून भाच्याची मोटार बिघडेल, हे भय निराधार आहे.

धोका आहे तो गाडी उभी राहण्यात. अशा हौशी मोटारी रविवारी बाहेर निघतात आणि पावसाळाभर झाकून ठेवल्या जातात. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पंप नेमका तळाशीच असतो. शिवाय इथेनॉलचा विचार न करता बनवलेल्या जुन्या रबरी नळ्या त्यात फुगतात, कालांतराने भेगाळतात. एप्रिल २०२३ पासून देशात बनणाऱ्या वाहनांत त्याला टिकणारे साहित्य वापरले जाऊ लागले. त्याआधीच्या वाहनांचे काय, हा प्रश्न उरतो.

आणि तो प्रश्न श्रीमंतांच्या मोटारींपुरता नाही. इथेनॉलमधील ऊर्जा पेट्रोलपेक्षा लिटरमागे तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात म्हटले आहे की, शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज वीस टक्के मिश्रणावर सहा ते सात टक्क्यांनी घटेल. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी चौदावर येते. ही घट ग्राहकाला किमतीत भरून द्यावी, अशी शिफारसही त्याच अहवालात होती. ती अमलात आली नाही. इथेनॉलची खरेदी-किंमतच आता पेट्रोलहून वर गेली आहे, असे स्पष्टीकरण मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिले. हे उत्तर खोटे नाही, पण निवृत्त शिक्षकाने बाळगलेल्या २०११ सालच्या छोट्या मोटारीला ते पुरत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या संदर्भातील याचिका फेटाळली. न्यायालयीन वाद तेथे मिटला, घरखर्चाच्या वहीतला मिटला नाही.

येथे मला आपल्याच मंडळींशी थोडे भांडायचे आहे. मायलेज घटले असे कोणी म्हणताच त्याला तेल कंपन्यांचा दलाल ठरवण्याची घाई आपल्यातील काहींनी केली. का? तो सद्गृहस्थ त्याच्या वहीतला आकडा सांगत होता, आणि तोच आकडा सरकारी अहवालात छापलेला होता! खादी जाडीभरडी असते हे मान्य करूनच आपल्या आजोबांनी ती अंगावर घातली. ती मलमलीहून तलम आहे, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. इथेनॉलसाठी थोडे सोसायला हा समाज तयार होईल. मात्र काय सोसायचे आहे, हे त्याला आधी सांगितले पाहिजे. उसाच्या पाण्याचा हिशोबही असाच मांडावा लागेल. पण मराठवाड्याचा तो विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

भाच्याला मी सांगितले : गाडी आठवड्यातून एकदा तरी दहा-वीस किलोमीटर चालव, पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवू नकोस आणि इंधनाच्या नळ्या तपासून घे. त्याने तपासून घेतल्या. दोन बदलाव्या लागल्या. बिल त्याने मला पाठवले, आणि मी ते भरले.

ज्यांच्याकडे जुन्या स्कूटर आहेत त्यांनीही कार्ब्युरेटरजवळची नळी एकदा हाताने दाबून पाहावी. चिकट किंवा भेगाळलेली लागली, तर त्याच दिवशी बदलावी. कोणाला प्रश्न विचारायचे असतील, तर मी येथे थांबलो आहे.