पारितोषिकाच्या यादींतून गळालेलें नांव

एखाद्या स्पर्धेचा निकाल लागला कीं ज्यांना बक्षीस मिळालें त्यांचीं नांवें लोक आठवडाभर घेतात. ज्याला तें मिळावयास हवें होतें आणि मिळालें नाहीं, त्याचें नांव मात्र वर्षानुवर्षें घेतलें जातें. गांवच्या भजनी मंडळांच्या चढाओढीपासून हॉलिवुडच्या ऑस्कर पारितोषिकांपर्यंत ही गोष्ट सारखीच खरी आहे. जिंकणाऱ्याचें कौतुक टाळ्यांच्या कडकडाटाबरोबर संपतें. हरलेल्याची बाजू मांडण्यास मात्र वकील लागतात, आणि रसिकांइतके हौशी वकील दुसरे कोणी नाहींत. आजच्या भाषणाचा विषय असाच एक खटला आहे. तो १९६५ सालीं उभा राहिला, आणि रसिकांच्या दरबारांत त्याचा निकाल अद्याप लागलेला नाहीं.

त्या वर्षींच्या फेब्रुवारींत ऑस्करसाठीं नामनिर्देशनें जाहीर झालीं. 'माय फेअर लेडी' या संगीतपटाच्या वांट्यास १२ नामनिर्देशनें आलीं. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर, नायक रेक्स हॅरिसन, नायिकेच्या बापाचें काम करणारे स्टॅन्ले हॉलोवे, नायकाच्या आईचें काम करणाऱ्या ग्लॅडिस कूपर, पटकथा, छायालेखन, कलादिग्दर्शन, वेशभूषा, ध्वनिलेखन, संकलन आणि संगीत, असें चित्रपटाचें बहुतेक प्रत्येक अंग त्या यादींत होतें. नव्हतें तें एकच नांव. जिच्याभोवतीं सारी कथा फिरते त्या एलायझा डूलिटलचें काम करणाऱ्या ऑड्री हेपबर्न यांना नायिकांच्या पांच जागांत जागा मिळाली नव्हती. लग्नांत आचाऱ्यापासून वाजंत्र्यापर्यंत सर्वांना आहेर व्हावा आणि नवरीचाच राहून जावा, तसा हा प्रकार झाला.

हा वाद समजण्यास थोडी मागची हकीकत ठाऊक असली पाहिजे. बर्नार्ड शॉ यांचें 'पिग्मॅलियन' हें नाटक १९१३ सालीं व्हिएन्ना येथें जर्मन भाषेंत आणि १९१४ सालीं लंडन येथें इंग्रजींत रंगभूमीवर आलें. उच्चारशास्त्राचा एक विक्षिप्त पंडित रस्त्यावर फुलें विकणाऱ्या गांवढळ बोलीच्या मुलीला शुद्ध भाषा शिकवितो आणि उच्चकुलीन स्त्री म्हणून समाजांत मिरवून दाखवितो, अशी त्याची कथा. ॲलन जे लर्नर आणि फ्रेडरिक लो या जोडीनें त्याचें संगीत नाटक केलें, तें 'माय फेअर लेडी'. १५ मार्च १९५६ रोजीं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचा पहिला प्रयोग झाला, आणि १९६२ पर्यंत एकूण २,७१७ प्रयोग झाले. तेथील संगीत नाटकांत त्या काळचा हा उच्चांक होता. या नाटकानें जी एलायझा लोकांच्या मनांत ठसविली ती ज्यूली अँड्रूज यांची. पहिल्या प्रयोगाच्या वेळीं त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें, आणि गळा असा कीं त्यांनीं गाइलेलीं पदें ध्वनिमुद्रिकांच्या द्वारें घरोघर पोंचलीं.

पुढें जॅक वॉर्नर यांनीं या नाटकाचे चित्रपटाचे हक्क ५५ लाख डॉलरांस विकत घेतले. चित्रपटाचा खर्च सुमारें १ कोटि ७० लाख डॉलरांवर गेला. एवढी रक्कम पणास लावणाऱ्या माणसाला ओळखीचा चेहरा हवा असतो. ज्यूली अँड्रूज यांनीं तोंपर्यंत एकहि चित्रपट केला नव्हता. न्यूयॉर्क आणि लंडन येथील नाट्यरसिकांना त्या ठाऊक होत्या, परंतु लहानसहान गांवांतील प्रेक्षक त्यांच्या नांवावर तिकीट काढील याची वॉर्नर यांना खात्री वाटेना. ऑड्री हेपबर्न यांना 'रोमन हॉलिडे' या चित्रपटाबद्दल उत्कृष्ट अभिनेत्रीचें ऑस्कर पूर्वींच मिळालेलें होतें. त्यांना १० लाख डॉलर देऊन वॉर्नर यांनीं एलायझा केलें. इकडे वॉल्ट डिस्ने यांनीं ज्यूली अँड्रूज यांना 'मेरी पॉपिन्स' या संगीतपटासाठीं बोलाविलें. दोन्ही चित्रपट १९६४ सालींच पडद्यावर आले. जिची भूमिका गेली ती आणि जिला ती मिळाली ती, अशा दोघी एकाच वर्षीं रसिकांपुढें उभ्या राहिल्या, आणि तेथेंच भांडणाचें बीज पडलें.

त्यांत आणखी एक गांठ होती, ती आवाजाची. हेपबर्न यांनीं गाण्याचा कसून अभ्यास केला होता आणि आपल्या आवाजांत पदें ध्वनिमुद्रितहि करून दिलीं होतीं. परंतु शेवटीं चित्रपटांत बहुतेक सर्व गाणीं मार्नी निक्सन या गायिकेच्या आवाजांत घेतलीं गेलीं. हेपबर्न यांचा स्वतःचा आवाज कांहीं थोड्या ठिकाणींच राहिला. त्याच चित्रपटांत हॅरिसन यांनीं मात्र आधीं मुद्रित केलेल्या गाण्यावर ओंठ हलविण्यास साफ नकार दिला. त्यांच्या गळ्यापाशीं बिनतारी ध्वनिग्राहक लपवून त्यांचीं पदें चित्रणाच्या वेळींच टिपण्यांत आलीं. तीं पदें अर्धीं बोललेलीं आणि अर्धीं गाइलेलीं आहेत. म्हणजे ज्याला फारसें गातां येत नव्हतें त्या नायकाचा आवाज राहिला, आणि जिनें गाण्यासाठीं मेहनत घेतली त्या नायिकेचा गेला. नायकाला ऑस्कर मिळालें. नायिकेला साधें नामनिर्देशनहि मिळालें नाहीं.

आतां दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकावें. एक पक्ष म्हणतो, संगीतपटांतील नायिकेचें अर्धें काम गाण्यांत असतें. तें अर्धें दुसरीनें केलें, तर उरलेल्या अर्ध्यासाठीं पूर्ण मान कसा मागावा? दुसरा पक्ष विचारतो, चेहरा, डोळे, चाल, फुलवालीची चिरकी बोली आणि पुढें आलेला तो राणीचा डौल, हें काय निक्सन यांनीं केलें? तिसराहि एक तर्क आहे, तो असा कीं नटवर्गाला राग होता तो वॉर्नर यांचा. रंगभूमीवर जिनें भूमिका घडविली तिला डावललें, त्याचें उट्टें हेपबर्न यांच्यावर निघालें.

पहिल्या पक्षाचें म्हणणें वरवर सयुक्तिक वाटतें; परंतु ऑस्करचा पूर्वेतिहास त्याला साक्ष देत नाहीं. १९५६ सालच्या 'द किंग अँड आय' या संगीतपटांत डेबोरा कर यांच्यासाठीं याच मार्नी निक्सन गाइल्या होत्या, तरी कर यांना नायिकेचें नामनिर्देशन मिळालें. १९६१ सालच्या 'वेस्ट साइड स्टोरी'त रीटा मोरेनो यांच्या एका गाण्यास दुसरीचा आवाज होता, तरी त्यांना दुय्यम भूमिकेचें ऑस्कर प्रत्यक्ष मिळालें. तेव्हां उसना आवाज हा काही मुळांतच अपात्रतेचा दोष मानला जात नव्हता. फरक इतकाच कीं हेपबर्न यांच्या बाबतींत मूळ आवाज कोणाचा हवा होता हें लोकांच्या कानांत आधींच बसलेलें होतें. तुलनेला प्रतिस्पर्धिनी हजर होती.

तिसऱ्या तर्काविषयीं एवढेंच म्हणतां येतें कीं तो सिद्ध होण्याजोगा नाहीं. अभिनयाचीं नामनिर्देशनें अकादमीचे नटवर्गांतील सभासद गुप्त मतदानानें करतात आणि कोणाला किती मतें पडलीं हें जाहीर होत नाहीं. यादी होते ती पांच नांवांची. तींत सहावें नांव कोणी बसून खोडीत नाहीं. पांच नांवांना अधिक पाठिंबा मिळाला कीं सहावें आपोआप बाहेर राहतें. 'डावललें' हें क्रियापद वापरतांना कर्ता एकटा आणि हेतु ठरलेला असा आपला समज असतो. मतदानांत कर्ते शेंकडों असतात आणि हेतु प्रत्येकाचा निराळा असतो.

आणि येथेंच रसिक वकिलांना एक अवघड प्रश्न विचारावासा वाटतो. त्या वर्षींच्या पांच अभिनेत्री म्हणजे ज्यूली अँड्रूज, ॲन बँक्रॉफ्ट, सोफिया लॉरेन, डेबी रेनॉल्ड्स आणि किम स्टॅन्ले. हेपबर्न यांना आंत घ्यावयाचें तर यांपैकीं कोणाला बाहेर काढावयाचें? आवडत्या माणसासाठीं जागा मागणारे पुष्कळ. परंतु ती जागा कोणी रिकामी करावी हें सांगणारे थोडे. ज्याला दुसरें नांव खोडण्याचें धैर्य नाहीं त्यानें हळहळ अवश्य व्यक्त करावी; अन्याय झाला असें म्हणूं नये.

पारितोषिकाच्या तराजूचा फार भरंवसा धरावा असेंहि नाहीं. १९५२ सालच्या 'सिंगिन इन द रेन' या संगीतपटाला अवघीं दोन नामनिर्देशनें मिळालीं आणि ऑस्कर एकहि नाहीं. २००६ सालीं अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनें श्रेष्ठ अमेरिकन संगीतपटांची यादी केली तेव्हां तोच चित्रपट पहिल्या क्रमांकावर बसला. त्या चित्रपटाची कथाहि उसन्या आवाजाचीच आहे, हा एक योगायोग. वर्षाच्या आंत दिलेला निकाल आणि पन्नास वर्षांनंतरचा निकाल यांत एवढें अंतर पडूं शकतें.

५ एप्रिल १९६५ रोजीं सांता मोनिका येथें पारितोषिक-समारंभ झाला. 'माय फेअर लेडी'ला ८ ऑस्करें मिळालीं आणि 'मेरी पॉपिन्स'ला ५. त्या पांचांतील एक उत्कृष्ट अभिनेत्रीचें, ज्यूली अँड्रूज यांचें. तत्पूर्वीं गोल्डन ग्लोब पारितोषिक घेतांना अँड्रूज यांनीं जॅक वॉर्नर यांचे हंसत हंसत आभार मानले होते, कारण त्यांनीं नकार दिला नसता तर 'मेरी पॉपिन्स' घडला नसता. हेपबर्न त्या एप्रिलच्या समारंभास आल्या. पूर्वींच्या वर्षाची विजेती पॅट्रिशिया नील मेंदूंतील रक्तस्रावानें आजारी होत्या. त्यांच्या ऐवजीं उत्कृष्ट नटाचें पारितोषिक देण्याचें काम हेपबर्न यांनीं पत्करलें. पाकिटांतून नांव निघालें तें रेक्स हॅरिसन यांचें. जिचें स्वतःचें नांव यादींत नव्हतें तिनें आपल्याच नायकाच्या हातीं तें पारितोषिक आनंदानें दिलें, आणि हॅरिसन यांनींहि आपल्या दोन्ही एलायझांचा उल्लेख केला. चाहते भांडत होते; ज्यांच्यासाठीं भांडत होते तीं माणसें एकमेकांचा मान राखून होतीं.

परंतु या सगळ्या गलबल्यांत एक तिसरी बाई होती, आणि तिचा कैवार घेण्यास त्या वेळीं फार थोडे लोक पुढें आले. मार्नी निक्सन यांचें नांव चित्रपटाच्या श्रेयनामावलींत नव्हतें. हेपबर्न यांना एक नामनिर्देशन मिळालें नाहीं म्हणून कोलाहल झाला. निक्सन यांचें तर नांवच लोकांपुढें ठेवलें गेलें नाहीं. अर्धें काम दुसरीनें केलें असें ज्यांनीं म्हटलें त्यांनीं त्या दुसरीला तें अर्धें श्रेय द्यावें अशी मागणी केली असती, तर त्यांच्या म्हणण्याला न्यायाचें वजन आलें असतें. १९६५ सालींच 'द साउंड ऑफ म्यूझिक' या चित्रपटांत निक्सन एका लहानशा भूमिकेंत, जोगिणीच्या वेषांत, प्रत्यक्ष पडद्यावर दिसल्या. त्या चित्रपटाची नायिका होती ज्यूली अँड्रूज.

महाराष्ट्रांतील श्रोत्यांना हा वाद थोडा चमत्कारिक वाटेल. नट एक आणि आवाज दुसऱ्याचा, ही गोष्ट आपल्या चित्रपटांत लहान मुलालाहि ठाऊक असते आणि त्यांत कोणाला फसवणूक वाटत नाहीं. तरीहि गळ्याला स्वतंत्र मान मिळण्यास येथेंहि वेळ लागला. फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनाचा विभाग १९५९ सालीं सुरू झाला, आणि पहिला मान 'मधुमती'तील गीतासाठीं लता मंगेशकर यांना मिळाला. नटीचा अभिनय नटीच्या पदरांत आणि गायिकेचा सूर गायिकेच्या पदरांत, अशी वांटणी एकदां झाली कीं भांडणाचें अर्धें कारण नाहींसें होतें. हॉलिवुडला ही वांटणी करतां आली असती तर १९६५ सालीं हेपबर्न आणि निक्सन या दोघींनाहि आपापल्या नांवानें उभें राहतां आलें असतें.

शॉ यांची ती फुलवाली मराठींतहि आलेली आहे. पु. ल. देशपांडे यांनीं 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिलें, तें १९७५ सालीं रंगभूमीवर आलें, आणि त्यांतील मंजुळा भक्ती बर्वे यांनीं अशी वठविली कीं पुढें ती भूमिका करणाऱ्या प्रत्येक अभिनेत्रीला प्रेक्षकांच्या आठवणींशीं झुंज द्यावी लागली. ज्यांनीं ही तुलना नाट्यगृहाच्या मध्यंतरांत चहा घेतां घेतां ऐकली असेल त्यांना हेपबर्न यांची अडचण समजावून सांगावयास नको. पहिलीची थोरवी हा दुसरीचा अपराध नव्हे, एवढें त्या चर्चेंत ध्यानांत राहिलें म्हणजे पुरे.

चाहत्यांनीं भांडूं नये, असें म्हणण्यांत अर्थ नाहीं. ज्या कलेविषयीं कोणी भांडत नाहीं ती कला लोकांच्या मनांतून उतरली असें समजावें. परंतु भांडणांतहि कांहीं नीति असते. आपल्या आवडत्याला वर काढण्यासाठीं दुसऱ्याचें काम हिणवूं नये. हेतूचा आरोप पुराव्यावांचून करूं नये. आणि यादींत कोण नाहीं याचा हिशेब करतांना, यादीच्या बाहेरहि ज्याचें नांव कोठें छापलें गेलें नाहीं अशा माणसाची आठवण ठेवावी. हेपबर्न यांनीं स्वतःच्या आवाजांत गाइलेलीं कांहीं पदें पुढें प्रसिद्ध झालीं आहेत. तो आवाज निक्सन यांच्याइतका तयार नाहीं. पण त्यांत फुलें विकणाऱ्या मुलीचा कच्चेपणा आहे, आणि कित्येकांना तो अधिक जिवंत वाटतो. दोन्ही आवाज ऐकून ज्यानें त्यानें आपलें मत ठरवावें. ऑस्करच्या मतपत्रिका केव्हांच मोजून झाल्या; ऐकणाऱ्याचें मत मात्र अजून त्याच्याच हातीं आहे.