मनोरुग्णाचे घरी परतणे
(वार्षिक उत्सवाच्या वेळी महाजनमंडळींपुढे केलेले भाषण)



वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही. माझे आयुष्य कारकुनीत गेले आणि आज जे सांगावयाचे आहे त्याचे मूळही कचेरीतच आहे.

आमचा एक सहकारी मनोविकारावर उपचार घेऊन कामावर परतला. औषधांनी त्याचे चित्त स्थिर झाले होते. आम्ही आस्थेने विचारपूस केली, चहा पाजला. परंतु चूक होईल या भीतीने एकही फाईल त्याच्या हाती दिली नाही. सहा महिने तो रिकाम्या टेबलाशी बसला आणि एके दिवशी राजीनामा देऊन निघून गेला. त्या भिणाऱ्यांत मीही होतो, ही खंत अद्याप सलते.

विकाराची लक्षणे शमणे हे अर्धेच बरे होणे. काम, सोबत आणि चारचौघांत स्थान मिळाले म्हणजे उरलेले अर्धे साधते. यासच पुनर्वसन म्हणतात.

बेल्जियममधील गेल या गावी याचा फार जुना दाखला आहे. तेथील संत डिंफ्नाच्या चर्चमध्ये मध्ययुगापासून यात्रेकरू मनोरुग्णांना घेऊन येत. तेथील जागा अपुरी पडू लागली तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले. ही माणसे शेतीत, घरकामात हातभार लावीत आणि घरचीच होऊन जात. १९३० नंतरच्या दशकात असे तीन हजारांहून अधिक रुग्ण त्या गावी राहत होते. आज ती संख्या पुष्कळ घटली आहे. तथापि इस्पितळाच्या देखरेखीखाली ही प्रथा चालू आहे, आणि २०२३ साली युनेस्कोने तिचा गौरव केला.

आपल्या देशातील २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार, केवळ कुटुंब स्वीकारीत नाही म्हणून कोणासही मनोरुग्णालयात राहावयास लावता येत नाही. कायदा तेथील दार उघडील. परंतु घरच्या उंबरठ्यावर ‘ये’ म्हणावयास माणूसच हवा.

आपल्या कुळांतूनही असे कोणी असेल, ज्याचे नाव आपण हळू आवाजात घेतो. त्याचे औषध वैद्याच्या सल्ल्याने चालू राहू द्या. मात्र पुढील उत्सवात त्याला पावत्या लिहावयास द्या, हार गुंफावयास बसवा. त्याला पंक्तीला नुसते बसवू नका, वाढावयासही सांगा.