फलकावरचा हात
पंढरपूर येथें १९१५ सालीं जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनीं चित्रकलेचे पहिले धडे इंदूरला गिरविले; परंतु हाताला वळण लागलें तें मुंबईच्या रस्त्यावर. १९३० नंतरच्या दशकांत सिनेमाचे प्रचंड फलक रंगवून ते पोट भरीत. लहानशा छायाचित्रावर चौकटी आंखावयाच्या, त्याच प्रमाणांत फलकावर खडूच्या रेघा मारावयाच्या, आणि मग रुंद कुंचल्यानें नटीचा डोळा हातभर लांब काढावयाचा! जवळून नुसते रंगाचे फरांटे. रस्त्यापलीकडून मात्र चेहरा बोलूं लागे. बारकाव्याला तेथें वाव नव्हता. चुकलेली रेघ मात्र साऱ्या रस्त्याला दिसे. या कामाला हलकें लेखणाऱ्यांना त्यांतली तालीम दिसली नाहीं. १९४७ सालीं निघालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्यें हुसेन आले, ते हा हात घेऊनच. पुढें त्यांचे घोडे कॅनव्हासवर उधळले, तेहि त्याच रुंद रेषेंत.