सातबाऱ्यावरचे नाव



नेकनूरच्या शिवारात गारपीट झाली, की पंचनामा होतो. परंतु अनुदानाच्या यादीत नाव चढते ते सातबारा पाहून. तेथे निवर्तलेल्या वडिलांचेच नाव असेल, तर राबणाऱ्या मुलाच्या वाट्यास काय येणार? हेलपाटे!

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे १४९ वे कलम सांगते, की वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास द्यावी. तोंडी दिली तरी चालते. लेखी पोच मात्र मागून घ्या. वारस असलेल्या आई-बहिणींची नावे वगळू नका. पुढचे तंटे तेथूनच उगवतात.

संकटात कागद शोधणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. दुखवटा सरताच चावडीची वाट धरा.