इंग्रजी शिकविण्याची साधने



मुलांस इंग्रजी शिकविण्यास साधने नाहीत, असे अल्लीपुरात आम्ही ऐकतो. मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आले. पुढे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांस वाक्यरचना शिकविली. दोहोंचा पाया मातृभाषाच होय. आज दहावीच्या कुमारभारतीत कविता आहेत, पत्रलेखनही आहे. तथापि मार्गदर्शिकेतील उत्तरे घोकणाऱ्या मुलास पुढे नोकरीचा अर्जही स्वतः लिहिता येत नाही. यास्तव शिक्षकांनी कापूसवेचणीविषयी एक मराठी वाक्य फळ्यावर लिहावे, मुलांनी ते कोश पाहून इंग्रजीत उतरवावे, आणि चुका सर्वांनी मिळून सुधाराव्या. कोश, खडू आणि धीर, एवढ्याने आरंभ होतो. आईबापहो, घरात एक कोश अवश्य आणावा, ही आमची विनंती.