नोटिशीसोबत एक माणूस



मुंबईची सकाळ पावाने होते. वड्याबरोबर, मिसळीबरोबर, खिम्याबरोबर, नाहीतर नुसत्या चहात बुडवून. जात, धर्म, पगार काही न विचारता पाव सगळ्यांच्या ताटात येऊन बसतो. तो भाजला जातो तेव्हा मात्र शहर झोपेत असतं.

माझ्या मामूंची बेकरी मध्य मुंबईतल्या एका गल्लीत होती. शाळेला सुट्टी लागली की माझा मुक्काम तिथे. पहाटेच्या अजानीआधी भट्टीचं लोखंडी दार उघडे, पावाच्या लाद्या बाहेर येत आणि त्या वासाने मी जागा होई. त्या वासावर मी पुढे कविता लिहिली. धुरावर लिहिली नाही. मामू रात्रभर खोकत असत. माळ्यावर झोपणारे कारागीरही खोकत. तो खोकला आम्ही बेकरीच्या इतर आवाजांत जमा करून टाकला होता.

आता ती बेकरी माझे मामेभाऊ चालवतात. २०२५ साली ते एक कागद घेऊन घरी आले. म्हणाले, "तू बी.ए. झालेला माणूस. जरा वाचून सांग, यात नेमकं काय लिहिलंय?"

मी वाचलं. मुंबईच्या हवेबद्दल उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये आपणहून प्रकरण हाती घेतलं होतं. त्यात ९ जानेवारी २०२५ रोजी आदेश झाला, की लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावं. त्यावरूनच ही नोटीस निघाली होती.

आदेश योग्यच आहे, हे मी आधी सांगतो. भट्टीत जळतं ते काही रानातलं सुकं लाकूड नसतं. मोडलेलं फर्निचर, प्लायवूडचे तुकडे, रंग लावलेल्या चौकटी असं भंगारातलं लाकूड स्वस्त पडतं, म्हणून तेच येतं. त्यातला डिंक, रंग, व्हार्निश सगळं जळून हवेत जातं. धुरातले सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनचे किंवा त्याहूनही बारीक असतात, म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याहूनही कमी. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी उतरतात. आणि ते पहिल्यांदा उतरतात ते भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाच्याच छातीत.

भाईजानना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी आपल्या वडिलांचा खोकला ऐकला होता. त्यांचा प्रश्न वेगळा होता. "बंद काय करायचं ते कळलं. पण सुरू कसं करायचं, ते कोणाला विचारू?"

त्या प्रश्नाला कागदावर उत्तर नव्हतं. भट्टी विटांची, वडिलांच्या हातची. तिला गॅसचा बर्नर बसेल, की ती पाडावी लागेल? जागा पागडीची, मालक सही देईल का? सिलिंडर ठेवायला मोकळी जागा कुठली? पाइपलाइनसाठी गल्ली खणायची परवानगी कोण देणार? शिवाय हिशेब. रोज शंभर किलो लाकूड जळे. एक किलो गॅसमध्ये साधारण तीन किलो लाकडाची उष्णता असते, म्हणजे व्यावसायिक वापराचे जवळजवळ दोन सिलिंडर रोज. भंगाराच्या भावापुढे हे महागच. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद होती. पण भाईजाननी तिचं नावही ऐकलं नव्हतं. पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाला योजना कोण सांगणार?

इथे मला फिरोजाबाद आठवतं. आपल्या आयाबहिणींच्या हातातल्या काचेच्या बांगड्या बहुतेक तिथूनच येतात. ताजमहालाला धुराची झळ लागते म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी त्या परिसरातल्या २९२ उद्योगांना कोळसा सोडायला सांगितलं. एकतर नैसर्गिक वायू घ्या, नाहीतर दुसरीकडे जा. फिरोजाबादेत वायू आला. काच वितळवणाऱ्यांनी जुन्याच भट्ट्यांना बर्नर जोडले. धूर कमी झाला, पण गरम वाफारा धुराड्यातून फुकट जाऊ लागला. मग 'टेरी' या दिल्लीच्या संस्थेने स्वित्झर्लंडच्या विकास संस्थेच्या मदतीने तिथेच, एका चालू कारखान्यात, नवी भट्टी उभी केली. बाहेर जाणाऱ्या उष्णतेवर ती आत येणारी हवा तापवी. २००० साली ती पेटली. शेजारच्या कारखानदाराने आपल्या डोळ्यांनी पाहिलं, गॅसचं बिल वाचताना पाहिलं, आणि मग त्यानेही तशीच बांधली. न्यायालयाने दिशा दिली होती. तिथवर जायची वाट मात्र भट्टीशेजारी बसून काम करणाऱ्यांनी दाखवली.

भाईजानचंही असंच झालं. आसपासचे चार बेकरीवाले एकत्र आले आणि गॅसवर चाललेली एक बेकरी पाहून आले. तिथल्या कारागिराने सांगितलं, आंच किती ठेवायची, पाणी कधी शिंपडायचं. त्याच्याच ओळखीने बर्नर बसवणारा मिळाला. पहिली लादी वरून करपली, दुसरी आतून कच्ची राहिली. तिसरी भाईजाननी मोडून माझ्या हातात ठेवली. "बघ, चव गेली का?" मला थोडी बदलल्यासारखी वाटली. मी तसं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "माळ्यावरच्या पोरांना विचार, झोप कशी लागते."

त्या चौघांपैकी एकाची बेकरी मात्र बंद पडली. त्याला कर्ज मिळालं नाही, जागेचा मालक सही देईना. त्याच्याकडचे सहा कारागीर गावी गेले. तीही या हवेचीच किंमत आहे, आणि ती एकट्या त्यानेच का भरावी?

म्हणून माझं मागणं छोटं आहे. लहान धंद्याला नोटीस जरूर पाठवा. पण तिच्याखाली एका माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहा. तो येऊन भट्टी बघेल, खर्च मांडून देईल, कर्जाचा अर्ज भरायला शेजारी बसेल. आणि त्याला पहाटे तीनला बोलवा. तेव्हाच भट्टी पेटलेली असते.